झोपताईनं न केलेली प्रार्थना

शस्त्रक्रियेच्या खोलीत तिला सगळे झोपताई म्हणत. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली तिची उभी हयात गेली. काम सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. औषध शिरेत जायच्या वेळी भलेभले भेदरतात. तेव्हा उशाशी उभं राहायचं, दोन्ही तळव्यांत डोकं धरायचं आणि माणूस बुडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं. नजर आधी पातळ होते, मग दोर सुटलेल्या होडीसारखी लांब लांब जाते. त्या क्षणी ती मनात देवाला म्हणायची, हा तुझा आहे, सांभाळ. इतक्या वर्षांत ते वाक्य तिच्या हातांतच उतरलं होतं.

तिचा धाकटा भाऊ कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेला. मिसरूड फुटल्यापासून त्यानं चर्चची पायरी सोडली. त्यावरून दोघांची अशी जुंपायची की ताटातलं अन्न गार व्हायचं आणि भावजय वैतागून उठून जायची. बोलणं मात्र कधी तुटलं नाही. त्याच्या पोटात गाठ निघाली तेव्हा उशाशी ताईच हवी म्हणाला, पण अट घातली.

"मी शुद्धीवर नसताना माझ्यासाठी प्रार्थना करायची नाहीस, ताई."

त्यानं तुझं काय बिघडतं, असं तिनं विचारलं. बिघडत नाही, तो म्हणाला, पण बेशुद्ध माणसावर त्याच्या संमतीवाचून काही करायचं नाही, हा तुमच्याच खोलीचा नियम ना? शिवाय गाठ काढणार डॉक्टर. मध्ये तिसरा कशाला?

इथं तिचं डोकं फिरलं. ती म्हणाली, देवाला तू हातमोजे घालून डॉक्टरांच्या रांगेत उभं करतोस, आणि मग त्याच्या वाट्याचं काम उरलं नाही म्हणून हाकलून देतोस. अरे, तो त्या रांगेतला नाहीच. डॉक्टर, चाकू, औषध, अख्खी रांगच त्याच्या जिवावर उभी आहे. भावानं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, छान आहे, पण संमतीचं काय? हे मात्र तिला पटलं. तिनं शब्द दिला.

घरी जाताना ती चर्चच्या पाळकांकडे डोकावली आणि दिलेल्या शब्दाचं सांगितलं. मनातल्या मनात केलेली प्रार्थना कुणाला कळते, असं ते हसून म्हणाले. ती तडक उठली. ज्याला कळायचं त्याला कळतंच, आणि लबाडी करायची तीही त्याच्याच पुढ्यात?

त्या सकाळी खोली नेहमीपेक्षा मोठी वाटत होती. दिव्याचा उजेड दूध सांडावं तसा पसरलेला. यंत्र संथ श्वास घेत होतं. भावाचं डोकं तळव्यांत आलं आणि त्याची नजर पातळ झाली. वाक्य आलं. तिनं ते गिळलं.

मग भिंती मऊ झाल्यासारख्या झाल्या. डॉक्टरांचे आवाज पाण्याखालून येऊ लागले. जणू भावाबरोबर तीही सावकाश खाली चालली होती, आणि तिथं, त्या दुधाळ पाण्यात, कुणीतरी तिच्या वाक्यासाठी थांबलं होतं. घाई नाही, रुसवा नाही, नुसतं थांबलेलं. तिला अवघडल्यासारखं झालं. दारात आलेल्या माणसाला सांगावं तसं ती मनात म्हणाली, आज नाही हं बोलणार, शब्द दिलाय त्याला.

आणि खाडकन भानावर आली. हे आपण कुणाला सांगितलं?

गाठ निघाली, साधीच ठरली. भावजय आनंदानं रडली. ताईला मात्र ते मनातलं सांगणं टोचत राहिलं. आता हा म्हणणार, तुम्हा लोकांच्या शब्दाचा भरवसा नाही. भाऊ उशीला टेकून बसायला लागला तसं तिनं सगळं सांगून टाकलं.

तो पोट धरून हसला, टाके ओढले गेले तसा कळवळला. मग पेपर तपासावा तसं त्यानं विचारलं, "मागितलंस काही?"

"नाही."

"मग ती प्रार्थना नव्हे. निरोप झाला. शब्द पाळलास तू."

सुटले, असं तिला वाटलं. गप्प बसली असती तर तिथंच मिटलं असतं. पण निकाल चुकला होता.

"नाही रे. मागणं हा त्यातला एवढासा भाग. सांगायला कुणी आहे म्हणून आपण सांगतो, तीच प्रार्थना. मोडला मी शब्द."

तो उशीवर खाली सरकला. दुखणं थांबवायचं औषध चढत होतं, जीभ जड झाली होती. "म्हणजे न करणं तुला जमतच नाही?"

"दिसतंय तसं."

"जे जमत नाही त्याचं वचन घेता येत नाही. अट माझीच चुकली." मग डोळे मिटत मिटत म्हणाला, "काही उत्तर आलं का?"

"नाही. त्यानं ऐकलं नुसतं."

"हे... कशावरून?" त्यानं विचारलं, आणि झोपला.

ती मात्र उत्तर देत राहिली, हळू आवाजात, बराच वेळ. आपण कुणाला देतोय, ते तिनं तपासलं नाही.