ताप, घरीच होतो

गोल बाजारातला हा बाइंडर प्रबंध बांधायच्या आधी पानांचा क्रम तपासतो आणि तपासता तपासता अख्खा वाचून काढतो. मत मात्र कधी देत नाही. काहीही विचारा, "हव", म्हणजे हो, एवढंच म्हणतो आणि खळ ढवळत बसतो.

माझा प्रबंध आयर्लंडमधल्या एका जुन्या बंडावर आहे. तिथल्या लोकांच्या खासगी डायऱ्या वाचून कोण बंडाच्या बाजूनं होतं आणि कोण विरोधात, हे मी ठरवलं होतं. ज्यांनी त्या दिवसांत फक्त हवापाणी आणि गुरंढोरं लिहिली, ते सगळे माझ्या तक्त्यात 'उदासीन' या रकान्यात गेले.

काल न्यायला गेले, तर गठ्ठा सुटाच. मला रागच आला, कारण सोमवारी जमा करायचा होता. त्यानं गठ्ठ्यावर स्वतःची एक मळकी डायरी उघडून ठेवली. पूर्वी तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होता, तिथल्या संपाच्या वेळची. सलग नऊ दिवस एकच ओळ: 'ताप. घरीच होतो.'

"आजारी होतात?"

"गेटवर होतो ना दीदी, सगळ्यात समोर. पोलीस घरोघरी जाऊन वह्या पाहून राहिले होते. मंग लिहू काय?" त्यानं बोटांची खळ फडक्याला पुसली. "आता मले कोनत्या रकान्यात टाकता?"

मी गठ्ठ्यातला तक्ता काढून 'उदासीन'खालची नावं पुन्हा वाचू लागले.

"बांधून देऊ?"

"नको. आज राहू द्या."

"हव," तो म्हणाला आणि त्यानं गठ्ठा सुतळीनं बांधून माझ्या हातात दिला.