पाचव्या माणसाचा पाटा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. आजा शेतमजूर, बाबा कोळसा खाणीत ड्रायव्हर, आईनं चौथीनंतर पाटी ठेवून दिली. मी बी.ए. झाले, परीक्षा दिली, आणि आता मुलचेरा तालुक्यात तलाठी आहे. लग्न केलेलं नाही, तो विषय वेगळा. सांगायचं ते हे, की माझं बी.ए. एका मोटारीच्या पुढच्या सीटवर झालं.

बाबा राजुऱ्याजवळच्या खाणीत एका साहेबांची गाडी चालवायचे. खाणीची नव्हे, साहेबांची स्वतःची. लांब नाकाची, रुंद, जड गाडी. इंजिन सुरू झालं की आवाज गाडीच्या पोटातून यायचा आणि आपल्या पोटात जाणवायचा. साहेब रिटायर होऊन आपल्या गावी गेले तेव्हा एवढी पेट्रोल पिणारी गाडी घेऊन कुठं जायचं म्हणून त्यांनी ती बाबांच्या नावावर करून दिली. आमच्या क्वार्टरच्या मागं कडुनिंब होता, त्याच्याखाली ती उभी राहिली. क्वार्टर दोन खोल्यांचं. एका खोलीत टीव्ही, दुसरीत स्वयंपाक, आणि पाहुणे दोन्हीत. मी पुस्तकं घेऊन गाडीत जाऊन बसायची. ड्रायव्हरच्या बाजूची सीट माझी. पुढं डॅशबोर्डवर पुस्तक टेकवायचं, काच अर्धी खाली करायची. ड्यूटीवरून आले की बाबा येऊन स्टेअरिंगपाशी बसायचे. गाडी सुरू करायचे नाहीत, बोलायचे नाहीत. मी पान उलटलं की एकदा तिकडं बघायचे, बस.

गाडीच्या कामाला मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. मी पाना उचलला की म्हणायचे, हात काळे नको करू, वाच. मला ते फार आवडायचं. मी मोठी होणार म्हणून मला जपतात, असं वाटायचं.

मग लहान भावाचं लग्न झालं.

भावजय बारावी झालेली. माहेर तेलंगणाच्या सीमेला लागून, त्यामुळं बोलताना मधेच तेलुगू शब्द टाकते आणि स्वतःच हसते. घरी आल्या आल्या ती बाबांना गाडीपाशी पाणी नेऊन द्यायला लागली. मग पाना देऊ लागली. मग एका सुट्टीत मी घरी आले तर ओढणी कमरेला करकचून बांधून ती गाडीखाली पडलेली, बाहेर फक्त पाय, आणि बाबा बोनेटवर वाकून तिला सांगताहेत, आता ढिला कर, आता कस. बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत काळी होती. बाबा तिला हात काळे नको करू म्हणाले नाहीत. आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला तिला, हात पुसायला.

मी आत जाऊन आईला विचारलं, घरात स्वयंपाक कोण करतं आता. आई म्हणाली, दोघी मिळून करतो, तुले काय झालं.

नंतर बाबांचा फोन आला की प्रत्येक वाक्य तिच्यापासून सुरू व्हायचं. सून म्हणते गिअर अडकते. सून म्हणते नाक झुकलं. मी इकडं सातबाऱ्याच्या कामात, निर्वासितांच्या बंगाली वस्तीतली माणसं टेबलासमोर उभी, आणि कानात हे. एकदा म्हणाले, सून म्हणते गाडी सपाट उभी पायजे, जशी साहेबाच्या टायमाले होती. मी विचारलं, तिनं साहेबाचा टाइम कधी पाहिला? बाबा म्हणाले, मीच सांगतलं नं तिले.

साहेबाच्या वेळी ती खरंच सपाट उभी राहायची. नाक आणि शेपूट एका रेषेत, जमिनीला धरून. साहेब गेल्यावर बाबा मामाच्या गावाहून तिच्या डिक्कीत धानाची पोती आणायला लागले. मागची कमान बसायला लागली म्हणून तिच्यात एक जास्तीचा पाटा टाकला. कमान म्हणजे एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे, ज्याच्यावर गाडीचं मागचं वजन झुलतं. पाटा वाढला की गाडी उचलते. पोती असली की बरोबर, रिकामी असली की शेपूट वर. पुढच्या स्प्रिंगा म्हाताऱ्या होऊन बसल्या, त्यामुळं नाक आणखी खाली. आता पोती आणणं बंद झालं होतं, आणि जयंतीच्या मिरवणुकीत वस्तीतली माणसं निळा झेंडा लावून तीच गाडी पुढं ठेवायची. बाबांना ती मिरवणुकीत सपाट हवी होती. त्या वर्षी जयंतीच्या आधी मी रजा टाकून आष्टी, गोंडपिपरी करत घरी आले, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळे कमानवाल्याकडं निघालेले.

रोडवर कोळशाच्या ट्रकांची रांग असते, तिथं त्याचं दुकान. ट्रकाच्या कमानी तुटणं हे आमच्याकडं रोजचं आहे, त्यामुळं त्याला मान आहे आणि त्याला तो माहीत आहे. त्यानं गाडी वर घेतली, जास्तीचा पाटा काढला, बाकीचे भट्टीत लाल करून ठोकून पुन्हा गोलाई दिली. पुढच्या स्प्रिंगांखाली रबराच्या जाड चकत्या घातल्या. दुपारपर्यंत गाडी खाली उतरली. मला वाटलं, झालं. दिसत तर छान होती.

कमानवाला म्हणाला, अजून काही झालं नाही. रिकाम्या गाडीची उंची खोटी असते, भाऊ. बोल्ट मी आता ढिले ठेवले आहेत. वजन बसलं, गाडी दोनदा मागंपुढं लोटली, की कमान आपल्या जाग्यावर येते, मग मोजायचं आणि मग कसायचं. ट्रक असता तर कोळसा भरून आणा म्हटलं असतं. तुमची घरची गाडी, घरचे लोकं बसवा.

"पण जे रोज बसते तेच बसवा," तो म्हणाला. "पाहुणे नाई पायजे."

मी पुढच्या दाराकडं गेले. विचार करून नाही, पाय आपोआप गेले. दाराच्या हँडलवर हात होता. पलीकडून भावजय येत होती आणि बाबा स्टेअरिंगपाशी बसत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तू नको बसू, बाई," ते म्हणाले. "तू कुठी रोज असतं इथी. सून बसन पुढं."

आवाजात काहीच नव्हतं. कुणी पाण्याची घागर इकडची तिकडं ठेवावी तसं. मी बाजूला झाले. भावजय बसली, सीट जरा मागं सरकवली, कारण तिचे पाय लांब आहेत. मागं भाऊ आणि आई. खिडकीतून तिनं आपली पर्स माझ्याकडं दिली. ताई, एवढी धरा नं, हिचं वजन नको, म्हणाली आणि हसली.

मी तिची पर्स धरून उभी राहिले. शासनाची तलाठी, भर रोडवर, आजूबाजूला ट्रकवाले. कमानवाल्यानं आणि त्याच्या माणसानं गाडी मागंपुढं लोटली, मडगार्ड आणि चाकाच्या मधे हात घालून बोटं मोजली, पुढं मोजली, मागं मोजली, मग खाली शिरून बोल्ट कसले. बाहेर येऊन म्हणाला, पाहा आता. मी पाहिलं. खोटं कशाला लिहू, सुंदर दिसत होती. बोनेटपासून डिक्कीपर्यंत एक रेघ. मी लहान असताना जशी साहेबांच्या बंगल्यासमोर उभी असायची, अगदी तशी. पुढच्या खिडकीत मात्र मी नव्हते, आणि माझ्यावाचून तिचं काहीच कमी पडलं नव्हतं. तेच मला सहन होत नव्हतं.

घरी जाताना मी मागं बसले, आई आणि भावाच्या मधे. थोडं पुढं गेल्यावर एका खड्ड्यात मागून खर्रकन आवाज आला. बाबांनी वेग कमी केला. पुढं गतिरोधकावर पुन्हा खर्र. चाक मडगार्डला घासत होतं.

भाऊ म्हणाला, "बाई, मुलचेऱ्याले काय खाऊन राह्यली तू?"

"पगाराचं खाते," मी म्हटलं. "तुझ्यावाणी बापाचं नाई."

तो हसला. त्याला माझे टोमणे लागत नाहीत, लहानपणापासून नाही. बाबांनी गाडी बाजूला घेतली. आरशात बघत म्हणाले, घासणारच, चौघांचं वजन धरून बसवली आहे. हळू जाऊ. मला ते हळू जाऊ ऐकून जास्त राग आला. म्हटलं, परत फिरवा. मी बसते, मला धरून मोजा. बाबांनी मला समजावलं, आणि नीट समजावलं, रागावले नाहीत. म्हणाले, तुझ्यासाठी पाटा टाकला तर तू नसताना गाडी पुन्हा शेपूट वर करून फिरणार. तू येतं कधी, राहतं किती. जयंती तोंडावर आहे, लोकं पाहणार. यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. हिशेब मलाही येतो, दिवसभर तेच करते.

"ही सीट माझी होती, बाबा," मी म्हटलं.

एवढं बोलले आणि वाटलं, हे बोलायला नको होतं, या वयात. आई माझ्याकडं बघायला लागली. भाऊ खिडकीबाहेर. बाबांनी आरसा जरासा वळवला. मग म्हणाले, "मंग ये नं रोज. कोण नाई म्हणते."

मुलचेऱ्याहून रोज. मी ज्या नोकरीसाठी त्या सीटवर बसून रात्रंदिवस घोकलं, तिनंच मला तिथून उठवलं होतं. आणि घोकायला बाबांनीच बसवलं होतं. हे मी त्यांना सांगू शकत नव्हते, आणि त्यांना कळत नव्हतं असंही नाही.

तेवढ्यात पुढून भावजय बोलली. मागं वळली नाही, समोर रोडकडं बघत बोलली.

"बाबा, ताईचा पाटा टाका. जयंतीले मागून जराशी उठलेली दिसली त काय होते? ताई आल्या का त्याइले बसाले जागा पायजे."

बाबांनी गाडी तिथंच वळवली.  मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत थांबला आणि ते पूर्ण रोड अडवून वळले. मला कारणं दिली होती. तिला कारण दिलं नाही, फक्त स्टेअरिंग फिरवलं.

कमानवाल्यानं पुन्हा गाडी वर घेतली. आधीचा जाड पाटा नको, म्हणाला, आणि भंगारातून एक पातळ पाटा निवडून, कापून, गोल करून घातला. बसायची वेळ आली तेव्हा भावजय पुढचं दार उघडून उभी होती. ताई, तुम्ही पुढं बसा, मी मागं बसते, म्हणाली. खरंच म्हणाली, वरवर नाही. मला तेच हवं होतं, दुसरं काहीच नको होतं, आणि मी नाही म्हटलं. मागंच बरी, म्हटलं. तिच्या हातून ती जागा मला नको होती. ती चांगली आहे म्हणून मला तिचा अधिकच राग आला, आणि तो कुणाला दाखवताही येईना.

पाच जणांना धरून बोल्ट कसले गेले. घरी जाताना चाक कुठंच घासलं नाही. बाबा गुणगुणत होते. भावजय त्यांना सांगत होती, डावीकडं खड्डा आहे, बाबा, आणि ते उजवीकडं घेत होते. मी मागून दोघांची डोकी बघत होते.

जयंतीला गाडी पुढं होती. आत बाबा आणि भावजय दोघंच, म्हणून शेपूट चांगलंच वर. शेजारच्या काकांनी विचारलं, काऊन भाऊ, गाडी सपाट केली म्हणत होते नं? बाबा म्हणाले, केली, पोरीचं वजन धरून केली. काका माझ्याकडं बघून हसले. मला तो मान वाटला असता, पण मी तेव्हा मिरवणुकीत पायी चालत होते, गाडीच्या मागं, आणि माझं वजन धरलेली गाडी दुसरीला घेऊन पुढं जात होती.

रजा संपली, मी परत आले. मागच्या आठवड्यात भावजयीनं मोबाइलवर फोटो पाठवला. गाडी वरोऱ्याच्या रोडवर उभी, मागून थोडी उचललेली. खाली लिहिलं होतं, ताई, तुमची जागा रिकामी आहे, पाहा. मी फोटो बोटांनी मोठा केला. मागची सीट रिकामी होती. पुढच्या खिडकीतून तिचं कोपर बाहेर आलं होतं, आणि पलीकडं बाबांचा हात स्टेअरिंगवर, सैल, जसा मी वाचत असताना असायचा.

मी लिहून पाठवलं, पुढच्या सुट्टीत पुढं मी बसणार.

तिनं लगेच हसरं तोंड पाठवलं, आणि मागोमाग, या लवकर. मला हसू आलं नाही. फोन पालथा ठेवला आणि टेबलासमोरच्या माणसाला म्हटलं, सांगा, काय काम आहे.