सोड्याचे हात

आभाळ दोन दिवसांपासून तोंड फुगवून बसलं होतं. दोऱ्यांवरच्या चादरी वाळायचं नाव घेत नव्हत्या आणि भट्टीची वाफ धुलाईखान्यातच घुटमळत होती. काम मात्र थांबत नव्हतं. लॉजच्या चादरींना आभाळाशी काय देणंघेणं? वाफामावशी काठीने उकळता हौद ढवळत होती. हे नाव तिला भट्टीमुळे पडलं की तोंडामुळे, यावर गल्लीत अजून एकमत नव्हतं.

पलीकडे तिची धाकटी जाऊ चादर पिळत होती. पिळा आवळला की ती ओठ चावायची. तळहातांना अशा भेगा, की लेकराच्या गालावरून हात फिरवला तरी ते किंचाळून उठायचं. असे हात गल्लीत घरटी होते. कारण जुना सोडा, की धुण्याची ती नवी पावडर, की आणखीच काही, कुणालाच सांगता येत नव्हतं.

मागे एकदा मोठ्या इस्पितळाची माणसं येऊन सगळ्यांचं रक्त घेऊन गेली, ती गेलीच. म्हणून यंदा त्याच इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई या भेगांचा शोध घ्यायला दारात आल्या तेव्हा मावशीने त्यांना आधी स्टूल दिलं आणि मग अट घातली. "काय शोधायचं ते ठरवताना आम्हीही बसणार. आणि जे सापडेल ते आधी आमच्या गल्लीत सांगायचं, मग जगाला." बाईंनी मान्य केलं. भट्टी विझल्यावर धुलाईखान्याच्या याच ओट्यावर बैठका होऊ लागल्या. पावडर तपासायची हे इथेच ठरलं. कापसाने हात पुसून नमुने घ्यायचे, तेही इथेच. माणसं गोळा करायचं काम मावशीने अंगावर घेतलं.

तिथेच घोळ झाला. धुलाईवाल्यांनी मळक्या हाताने कुणापुढे जायचं म्हणजे धंद्याला बट्टा. मावशी दारोदार बजावत फिरली, "इस्पितळात जायचंय गं! हात घासा, तेल लावा, गल्लीचं नाक कापू नका!" बाया लिंबू घासून, तेल चोपडून नटून गेल्या. नमुन्यांत तेलाखेरीज काही सापडलं नाही.

आज डॉक्टरीणबाई आल्या त्या बसल्याच नाहीत.

"मावशी, आमचे साहेब म्हणतात, दुसरी वस्ती बघू. आणि यापुढे ठरवायचं काम आमच्याकडेच ठेवू. लोकांना नुसतं कळवत जाऊ."

"एवढ्याशा तेलावरून आमची अक्कल निसरडी ठरली होय?"

भट्टीत लाकडं सारणारा दीर खिदळला. "मी म्हणत नव्हतो वहिनी, यांच्या नादी लागू नका? आता घ्या, मिरवा ते चकचकीत हात!"

"भावोजी, तुम्ही भट्टी बघा. विझली तर तुमची दाढी लावून पेटवीन."

 धाकटीने हात पाठीमागे नेले. मावशीने ते पाहिलं आणि काठी कडेला उभी केली. ही माणसं आज गेली तर परत कोण येणार होतं?

"बाई, तेल माझं, ती चूक माझी," ती म्हणाली. "पण कामाचे हात तसेच आणा, असं तुम्ही बोलला होतात का?"

डॉक्टरीणबाई जराशा घुटमळल्या. "नाही. मला वाटलं, ते काय सांगायला हवं?"

"आणि मला वाटलं, पाहुण्यांकडे जाताना हात धुवायचे हे काय विचारायला हवं! दोघी मिळून चुकलो. मग भागीतून एकटीलाच कसं काढता?"

बाई ओशाळं हसल्या आणि स्टुलावर बसल्या. "मग आता?"

"नमुने इथेच घ्या, भट्टी चालू असताना. हौदातून हात निघाला की लगेच."

"चालेल. पण नुसते भेगांचे हात नाही पुरणार. ज्यांना काही झालेलं नाही, तेही हवेत. नाहीतर ताडून बघणार कशाशी?"

हे मावशीच्या डोक्यात आलंच नव्हतं. ती दिराकडे वळली. "भावोजी, तुमचे हात निरोगी ना? मग लाकडं सोडून पिळायला लागा. तुमचाही नमुना जाईल."

"मेलो!" दीर म्हणाला.

बाईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला. पुन्हा नमुने घ्यायला साहेब कसेबसे तयार झाले. पण निष्कर्ष आधी इस्पितळातच राहतील म्हणाले. मावशीने ओला हात पुढे केला. "द्या इकडे."

"साहेब, नमस्कार. तेलवाली मी. माझं चुकलं, ते निस्तरते. अट मात्र तीच. आमचे हात, तर आधी आम्हाला सांगायचं. जमत नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी गल्लीला उगाच बोलावणार नाही."

 पलीकडून साहेब म्हणाले, "बरं. आधी तुमच्या ओट्यावर. सांगायला मी येईन."

"या. स्टूल आहे."

फोन परत देऊन ती दारात गेली आणि छाती भरून ओरडली, "अगं ए! हात धुवू नका कुणी! कामावरून उठून आहे तशा या!"

आत डॉक्टरीणबाईंनी धाकटीचा हात हलकेच मांडीवर घेतला होता. पुढच्या भट्टीचे उशांचे अभ्रे कोपऱ्यात तसेच पडले होते. मावशी खाली बसली आणि एकेक अभ्रा उलटा करून झटकू लागली.