भुंग्याच्या जागी अस्वल

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात माझ्या काकांचं शिवणकामाचं दुकान आहे. तरुणपणी आपण एका छोट्या विनोदी संगीतपटात काम केलं, असं ते सांगत. काकू हे लग्नापासून ऐकत आली होती आणि तिने ते एकदाही मान्य केलं नव्हतं. कपडे शिवायला गेले असतील, एवढंच ती म्हणे.

गेल्या वर्षी त्या चित्रपटाची प्रत सापडली. जुन्या चित्रपटांची हौस असलेल्या एका मंडळाने ती हूटगळ्ळीतल्या सभागृहात दाखवायचं ठरवलं. काकांनी त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं, काकूला साक्षीदार म्हणून नेलं आणि मला दोघांच्या मध्ये बसवलं.

कथा एका प्रसिद्ध संस्कृत नाटकावरून घेतलेली. नाटकात नायिकेला भुंगा सतावतो आणि राजा धावून येतो. भुंगा पडद्यावर दिसणार नाही म्हणून निर्मात्याने अस्वल घेतलं होतं. राजाच्या मनगटावर घड्याळ होतं. आश्रमात बँड वाजत होता.

राजा आला, काका गप्प. सारथी आला, तरी गप्प. हे आहेत कुठे, असं काकूने मला विचारलं. तेवढ्यात अस्वल आलं.

"ते मी," काका म्हणाले.

अस्वलाच्या आत म्हैसूरमधला कुणीही असू शकतो, असं काकूचं म्हणणं पडलं. तो केसाळ पोशाख आपणच शिवल्याचं काकांनी सांगितलं. ते तिने लगेच मान्य केलं. त्यांच्या शिवणीबद्दल तिची कधीच तक्रार नव्हती.

मग गाणं सुरू झालं. चाल इंग्रजी नाचाची होती. अस्वल मात्र विठ्ठल मंदिरातल्या भजनात घालतात तशी पावली घालत होतं आणि वळताना हटकून उलट्या बाजूला वळत होतं. एकादशीच्या भजनात काका आजही असेच वळतात आणि शेजाऱ्याच्या टाळांवर आदळतात. इथे ते नायिकेवर आदळले.

"अय्यो, हेच की हे," काकू मोठ्याने म्हणाली. पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं. काका ताठ बसले.

गाणं अजून बाकी होतं. पुढच्या कडव्याला अस्वलाने नायिकेची कंबर धरली आणि कडवं संपलं तरी सोडली नाही.

"नोडी, बघा, हे कधी सांगितलं नाही तुम्ही," काकू म्हणाली.



"पोशाख मीच शिवला," काका म्हणाले. "आत कोण होतं, ते आता नक्की सांगता येत नाही."