फर्स्ट बेसवरचं कुंकू

पुण्यातली नोकरी सोडून मी जालन्याला परत आले, त्याचं कारण घरात कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. इथेही ते लिहिणार नाही. दिवसभर खोलीत असायचे. हाक आली की जेवायचे. शेवटी आईने शेजारच्या ताईंशी परस्पर ठरवून टाकलं, की रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर सॉफ्टबॉलला जायचं. ताई मूळच्या कुंभार पिंपळगावच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि बायकांच्या हौशी संघात कॅचर, म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागे बसून चेंडू झेलणारी. त्यांना नववी खेळाडू हवी होती, आईला मी खोलीबाहेर हवी होते. जाफराबादच्या संघाबरोबर सामना होईपर्यंत जाईन, मी म्हटलं, त्यानंतर मला कुणी काही म्हणायचं नाही. आई हो म्हणाली.

मला खेळ येत नाहीत. शाळेत पी.टी.च्या तासाला मी इतरांची घड्याळं आणि चष्मे सांभाळत बसायचे. इथे मला राइट फील्डला उभं केलं, जिकडे चेंडू सहसा येत नाही. तिथून सरकीच्या गोडाऊनचे पत्रे दिसायचे. ग्लव्हमधला हात घामाने भिजायचा. वेळ निघून जायचा. बरं नाही, वाईट नाही.

बॅटिंगला मी सगळ्यांत शेवटी. चेंडू मारला की बॅट टाकून फर्स्ट बेसकडे पळायचं; तिथल्या खेळाडूच्या हातात चेंडू पोहोचायच्या आत जमिनीवरच्या पांढऱ्या गादीवर, म्हणजे बेसवर, पाय पडला, तर वाचलात. माझा पाय तिथे एकदाही पडला नव्हता. बहुतेक वेळा बॅटला चेंडूच लागायचा नाही. पण मधे कधीतरी मला ते हवंसं वाटायला लागलं. एकदाच तिथे पाय ठेवायचा आणि मग सोडून द्यायचं. हे मी कुणाशी बोलले नाही.

खंडेनवमीला आमच्या सरांनी, ते निवृत्त क्रीडाशिक्षक, सगळं साहित्य मैदानात सतरंजीवर मांडलं. बॅटी, ग्लव्ह, ताईंचा जाळीचा मुखवटा, बेस. मी रिकामी उभी होते म्हणून हळदीकुंकवाचा करंडा माझ्या हातात आला. मी पहिलं बोट बुडवलं.

"अगं मॅडम, त्या बोटानं न्हाई," ताई म्हणाल्या. "करंगळीच्या शेजारच्या. इंग्लिश शाळेत काय शिकवलं मंग तुला?"

"टाय बांधायला."

सगळ्या हसल्या. मी बोलले याचंच त्यांना जास्त नवल वाटलं असावं. फर्स्ट बेसवर मी जरा जास्तच कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि सगळ्यांसारखा नमस्कार केला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी जाफराबादच्या मुली जीपने आल्या. आमची जुनी बॅट उचलून एकीने विचारलं, "ही बॅट हाय का धोपाटणं?"

"तुम्हालाच धुवायला ठेवलंय," ताई म्हणाल्या.

मी आधी नुसतीच बॅट फिरवून परत आले. शेवटच्या डावात मात्र चेंडू लागला. आवाज मोठा नव्हता. चेंडू घरंगळत तिसऱ्या बेसकडे गेला.

"पळ! अगं पळ की जल्दी!"

मी पळाले. तिकडच्या मुलीच्या हातून चेंडू निसटला, त्यामुळे मला वेळ होता. बेस समोर आला आणि त्यावर कुंकू दिसलं. सकाळपासून कितीतरी जणी त्यावरून धावल्या होत्या. ते फिकटलं होतं, मातीत मिसळलं होतं, पण होतं. माझा पाय उचललेला तसाच वळला. मी तो बेसच्या शेजारी मातीत ठेवला, अगदी नीट, आणि उभी राहिले. चेंडू आला. मी आउट.

"काय झालं गं? बराबर पोचली होतीस की!" ताई ओरडत आल्या.

"कुंकू होतं."

ताई सरांकडे वळल्या. "सर, ऐका हो! हिनं बेसला पाय लागू नाही दिला!"

फर्स्ट बेसवरच्या जाफराबादच्या मुलीने खाली पाहिलं. "अगं बया, मी तर कधीची याच्यावर उभी हाय," ती म्हणाली, बाजूला झाली, वाकून बेसला हात लावला आणि छातीला लावला. मग त्याच हाताने तोंड दाबून हसत सुटली.

सामना आम्ही हरलो. तुझ्यामुळे नाही बेटा, सर म्हणाले. मला वाईट वाटायला हवं होतं. तळहात झिणझिणत होते, तेवढंच.

सामान आवरताना फर्स्ट बेस मी उचलला. पोत्यात टाकण्याआधी खाली ठेवला, नमस्कार केला आणि दोन्ही पायांनी त्यावर उभी राहिले. काही वाटलं नाही. पळत आल्याशिवाय ती नुसती पांढरी गादी होती.

घरी आईने ताट वाढलं. "झाला ना सामना? आता नाही म्हणणार तुला कुणी काही."

"पुढच्या रविवारी सहाला उठव," मी म्हटलं.

आईने कारण विचारलं नाही.