सावलीत वाळवलेला नमुना

आमच्या घरात पोट हा विषय जेवणापुरताच निघतो. काय खाल्लं, किती खाल्लं, अजून अर्धी घे, इथवर सगळे मोकळे. त्यापुढचं ज्याचं त्यानं दार लावून बघायचं. माझे वडील असोद्याला केळी आणि कापूस करतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मी त्यांची थोरली, धुळ्याला दिलेली, तिथेच एका शाळेत गणित शिकवते. केळीची मुळं का कुजली यावर आबा आणि मी तासभर बोलू शकतो, पण पोट साफ होतं की नाही यावर सत्तेचाळीस वर्षांत आमच्यात एक वाक्य झालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतले एक सर गेले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता आणि कळला तेव्हा फार उशीर झालेला होता. शोकसभेहून घरी आले ती मोबाइलवर वाचतच बसले. वाचता वाचता कळलं की घरच्या घरी करायची एक तपासणी मिळते. शौचातून डोळ्यांना न दिसणारं रक्त जात असेल तर ती दाखवते. मला एखादी गोष्ट पटली की ती दुसऱ्याकडून करून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, आणि आबा तेव्हा एकाहत्तरचे होते. मी ती तपासणी परस्पर असोद्याच्या पत्त्यावर मागवली.

नवरात्रात पुडकं पोचलं. आत औषधी पाण्याची बोटभर बाटली, तिच्या झाकणालाच लावलेली काडी, आणि एक छोटी खिडकी असलेली प्लास्टिकची पट्टी. माहितीचा कागद इंग्रजी-हिंदीत होता, म्हणून समजावून सांगायचं काम फोनवर माझ्याकडे आलं. वर्गातल्या साठ पोरांना समीकरणं शिकवणारी मी, "आबा, ते सकाळचं... म्हणजे त्यातलं थोडं..." इथेच अडकले.

"कशातलं?" आबांनी विचारलं.

मग एकदम सुचलं. "तुम्ही मातीचा नमुना घेता ना, तसंच समजा. एकाच जागचं घ्यायचं नाही, चार ठिकाणचं थोडं थोडं."

"हां, मंग ठीक," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला आणि माझाही जीव भांड्यात पडला. पुढचं रेघांचं गणित मी भराभर सांगून टाकलं. एक रेघ आली तर रक्त नाही, दोन आल्या तर आहे. अवघड धडा एका उदाहरणात सोपा केला म्हणून मी स्वतःवर खूश होते.

सहाव्या दिवशी आबांचा फोन आला. "एकच रेघ. पास." मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ही तपासणी करून घ्या म्हणून भाषण दिलं. त्या माहितीच्या कागदाचा फोटो मी मागवून घेतला होता. त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एक रेघ आली म्हणजे आजार नाहीच असं समजू नये, आणि डोळ्यांना रक्त दिसत असेल किंवा वजन घटत असेल तर या तपासणीवर विसंबू नये, सरळ डॉक्टर गाठावा. ते मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. प्रश्नपत्रिकेच्या तळाची सूचना न वाचणाऱ्या पोरांना मी वर्षभर बोलते, ते वेगळं.

डिसेंबरात भरीत खायला माहेरी गेले. आमच्याकडे थंडीत हा कार्यक्रम शेतातच होतो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर कुटायची आणि कळण्याच्या भाकरीशी खायची. आबा एरवी तीन भाकरी मोडतात आणि चौथीला नाही म्हणता म्हणता घेतात. त्या दिवशी अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. पँटला पट्टा होता, त्याला नवीन भोकं पाडलेली दिसली. आई वांगी सोलत होती. तिच्याजवळ सरकून मी विचारलं, हे असे का उतरले?

आईनं मान वर केली नाही. "यायले रगत पडते संडासले. पोयापासून."

पोळा नवरात्राच्या आधी येतो. म्हणजे माझं पुडकं पोचलं तेव्हा रक्त जातच होतं.

घरी आल्या आल्या मी फर्मान काढलं, उद्या जळगावला डॉक्टरकडे जायचं. आबा उठले. आत गेले आणि शेताच्या कागदांची फाईल घेऊन आले. माती परीक्षणाच्या अहवालांबरोबर माझी प्लास्टिकची पट्टी व्यवस्थित पिशवीत घालून लावलेली होती. वर चिठ्ठी टाचलेली: नाव, गाव, वय आणि शेताचा गट नंबर.

"हे पाह्य. तुह्याच मशीननं सांगलं. मूयव्याध हाये मले, मिरचीनं व्हते."

माझ्याच हातानं दिलेलं प्रमाणपत्र ते मला दाखवत होते. मी चिडून विचारलं, "पण तुम्ही नमुना घेतला कसा?"

आबांनी सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं. चार ठिकाणचं घेतलं. कागदावर पसरून एकत्र केलं. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले. उरलेलं दोन दिवस वाळवलं, मग काडीनं बाटलीत घातलं.

"वाळवलं?"

"सावलीत वायवलं," ते म्हणाले. "मले समजत नही का? ऊन लागलं त नमुना बिघडते. तूच त सांगलं व्हतं, मातीसारखं."

आईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले आणि मग मलाही हसू आवरेना. एवढी मेहनत त्या नमुन्यावर गावात दुसऱ्या कोणी केली नसती. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र हसण्याचं नव्हतं. माती वाळवली तरी तिचं काही जात नाही. या तपासणीला ताजा नमुना लागतो. वाळवला की त्यातलं रक्त ओळखू येईलच असं नाही. आणि मातीचं उदाहरण आबांचं नव्हतं, माझं होतं. लाजेपोटी दिलेलं.

मास्तरणीचा स्वभाव जात नाही. मी लगेच म्हटलं, दुसरी मागवते, या वेळी नीट करू. आबा तर एका पायावर तयार झाले. डॉक्टरसमोर बसण्यापेक्षा घरात बसून त्यांनी अशा दहा तपासण्या केल्या असत्या. आम्ही दोघं बाप-लेक त्या बेताला लागलोही होतो, तेवढ्यात आई उठली.

"नमुना बस झाला," ती म्हणाली. "आता मानूस घेऊन जाय."

जळगावच्या डॉक्टरांना आबांनी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं, सावलीसकट. डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. आबांनी विचारलं, ओला नमुना घातला असता तर दोन रेघा आल्या असत्या का?

"कदाचित," डॉक्टर म्हणाले. "कदाचित नाहीही. आतड्यातली गाठ रोज रक्त सोडतेच असं नाही. ज्या दिवशी सोडते त्या दिवशी सापडते. उलट काहींना नुसत्या मूळव्याधीमुळे दोन रेघा येतात आणि ते घाबरून माझ्याकडे येतात. ज्याला काहीच त्रास नाही, त्याच्यासाठी ही चाळणी चांगली आहे. तुम्हाला रक्त दिसत होतं, आबा. तुम्ही त्या चाळणीत जायचंच नव्हतं."

दुर्बिणीच्या तपासणीत डाव्या बाजूला गाठ निघाली. दहा दिवसांत ऑपरेशन झालं. आजार दुसरीकडे पसरलेला नव्हता. मग काही महिने गोळ्या चालल्या, तोंडाची चव गेली, केस विरळ झाले, चिडचिड वाढली. हे सगळं आता मागे पडलंय, आणि आबा दोन भाकऱ्यांवर आलेत.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मी त्यांच्या उशाशी मोसंबी सोलत होते. आई खाली औषधं आणायला गेली होती. आबा छताकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी रगत नव्हतं, म्हनून तोच दिवस धरला. तीन दिवस वाट पाह्यली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातली फोड हातातच राहिली. "का पण?"

"दोन रेघा आल्या असत्या त तू शाया सोडून पयत आली असती."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी इतकी माया दाटून आली की मी त्यांच्या तोंडात फोड कोंबली. मी त्यांना तरी काय बोलणार होते? रक्त पडतं का, एवढे तीन शब्द मी फोनवर विचारले असते तर तपासणी लागलीच नसती. ते तीन शब्द उच्चारायला लागू नयेत म्हणून तर मी पैसे भरून पुडकं पाठवलं होतं.

आता रोज सकाळी सातला मी फोन करून विचारते आणि आबा हवामानाच्या बातमीसारखं सगळं सांगतात, रंगासकट. आईला ते अजूनही पटत नाही, ती उठून अंगणात जाते.

मे महिन्यात अशाच एका सकाळी त्यांची बातमी संपली आणि त्यांनी विचारलं, "तुही तपासनी कधी?" घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की चाळिशी ओलांडलेल्या मुलांनी पुडक्यावर न भागवता दुर्बिणीनंच बघून घ्यावं. मी आधी परीक्षा म्हटलं होतं, मग पेपर तपासणी, मग सुट्ट्या. आता सांगायला काही उरलं नव्हतं.

"तारीख घे," ते म्हणाले. "मी येतो धुळ्याले. तू आत जाशीन, मी बाहेर बसीन."

सोमवारी पहिल्या एस.टी.नं ते आले. आईनं पोटाला ऑपरेशननंतरचा पट्टा बांधूनच पाठवलं होतं. नवरा सोबत होताच, पण दाराजवळच्या बाकावर आबांनी आधी जागा धरली. नर्सनं माझं नाव पुकारलं. मी पर्स त्यांच्या हातात दिली आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना सांगितलं, "आबा, मला भीती वाटतेय."

"मले बी वाटली व्हती," ते म्हणाले. "जाय."