झरीच्या तलावावरचे चार रोडगे

भूतखेत, भानामती असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. दारव्ह्यात माझं कृषी केंद्र आहे. लिंबू मी दुकानाच्या दाराला बांधत नाही, पोह्यांवर पिळतो. त्यामुळे हे वाचून हसलात तरी चालेल... मीही हसलो असतो.

आमचा मित्र वसंता वनखात्यात होता, झरी जामणीकडे. तीन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. तेव्हापासून दारव्ह्यातच घरी असतो, डावा पाय ओढत काठीने चालतो. मागच्या दिवाळीत माझ्या मुलीने परदेशातून लाल पानांच्या जंगलाचे फोटो पाठवले, तर हा उसळलाच. "आपल्या सागाची पानगळ पाह्यली काय तुमी? फेब्रुवारीत चला, तलाव दाखवतो!" जीप, रस्ता, तलावाकाठी निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे — सगळं त्यानेच ठरवलं. तीन महिने त्याला दुसरं बोलणं नव्हतं.

आणि आम्ही बाकीच्या चौघांनी चहाच्या टपरीवर ठरवलं, याला न्यायचं नाही. जंगलात त्याच्यासाठी कोण रखडणार? खोटं बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याचा माझ्यावर जास्त विश्वास.

"वसंता, कॅन्सल झालं गड्या. जीप भेटून नाही राह्यली."

"असं काय... मी तं बॅग भरून ठेवलती," एवढंच म्हणाला. फोन ठेवून मी, खरं सांगतो, हसलो.

दुसऱ्या दिवशी शंभरावर किलोमीटर जाऊन अकराच्या सुमारास तलावाअलीकडच्या कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, जीप थांबवली. एक बाई अंगण झाडत होती. रस्ता विचारला तर म्हणाली, "तुमचा काठीवाला मानूस सकाळीच गेला ना. म्हने, मांगून चौघं येऊन राह्यले, त्यायले वाट दाखवजो."

"आला वाटते लंगडा एसटीनं!" आमच्यातला बंडू खिदळला.

तलावाकाठच्या ओल्या मातीत उजव्या पावलाचे ठसे, डावीकडे ओढल्याची रेघ, बाजूला काठीची भोकं. ठसे एका जगऱ्यापाशी, म्हणजे पेटवलेल्या गोवऱ्यांच्या ढिगापाशी, संपले. गोवऱ्यांच्या राखेत रोडगे भाजून तयार होते. चार. वसंता कुठेच नव्हता. हाका मारल्या, शिव्या घातल्या... "रुसून बसला असंन झाडामांगं," म्हणत आम्ही ते गरम रोडगे खाल्ले. चांगले झाले होते.

रेंज परत पोडाजवळ आली. मी त्याच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला.

"हे इथंच हायेत भाऊजी, कालपासून खाटेवर. कॅन्सल झालं म्हून जेवलेच नाहीत."

आम्ही तसेच दारव्ह्याला परतलो. बंडू म्हणतो, पोडावरचाच कोणी असेल. असेलही. पण आम्ही चौघंच येणार, हे त्याला कसं कळलं? वसंताला खरं सांगायची हिंमत झाली नाही, याची मात्र लाज वाटते.

परवा त्याचा फोन आला. यंदाचा प्लॅन पुन्हा त्यानेच काढलाय.

"जाऊ ना," मी म्हटलं.

"या टायमाले कॅन्सल नको करू गड्या," तो म्हणाला. "येवढ्या दूर पायी येनं आता झेपत नाही मले."